शिडाच्या नौकेवरचं डिझेल

गोव्याहून मुंबईला नौका आणायची असेल तर शिडांइतकाच भरवसा इंजिनवर ठेवावा लागतो. दिवाळीनंतर थेट पावसाळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे नेमका तोंडावर. पहाटेचा मतलई वारा कामाचा असतो, पण ऊन चढलं की तो पडतो. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. वाऱ्याला आडवंतिडवं कापत जायला ज्यांची रजा शिल्लक आहे त्यांनी खुशाल जावं. बाकीचे इंजिन लावतात. यानमारच्या ३वायएम३० सारखं तीसएक हॉर्सपॉवरचं इंजिन बेताच्या वेगाने चालवलं तर तासाला अडीच लिटरच्या आसपास डिझेल पितं. ५ नॉटने ४५ तास धरले तर दोन दिवसांत ११०-११५ लिटर. काही नौकांच्या टाकीतून एरवी वर्षभरातही एवढं डिझेल जात नाही.

मग जयगड मागे टाकल्यावर, दुपारी, लाटा वाढलेल्या असताना इंजिनाचा आवाज बदलतो. आरपीएम दीडदोनशेने पडतात, सावरतात, पुन्हा पडतात. थ्रॉटल कमी केला की बरं वाटतं, वाढवला की दम तुटतो. शेवटी ते बंद पडतं. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होतं आणि वीस मिनिटांनी पुन्हा मरतं. हे नेमकं खवळलेल्या समुद्रातच व्हावं यात योगायोग काही नाही. शांत पाण्यात टाकीच्या तळाशी पडून राहिलेला गाळ आणि पाणी हेलकाव्यांनी ढवळून निघतं आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी येतं. इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. त्याला डिझेल मिळत नसतं, एवढंच.

यावर उपाय म्हणून लोक आधी महागडा फिल्टर विकत घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पैसे आणि वेळ आधी टाकीवर खर्च करा, मग डिझेल भरण्याच्या पद्धतीवर, आणि उरले तर फिल्टरवर. चांगल्या राखलेल्या नौकेवरच्या फिल्टरला फारसं काम नसतं. त्याच्या खालच्या पारदर्शक बाऊलमध्ये डोकावलं तर नुसतं पिवळसर, पारदर्शक डिझेल दिसतं.

टाकीत होतं काय?

ट्रकची टाकी दोनतीन दिवसांत रिकामी होते. मच्छीमार ट्रॉलर एका फेरीत शेकडो लिटर जाळतो. त्यांच्या टाकीत डिझेलला म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. शिडाच्या नौकेचं तसं नाही. शंभर लिटरच्या टाकीतून आपण बंदरातून बाहेर पडायला आणि परत शिरायला दोनतीन लिटर वापरतो, आणि उरलेलं डिझेल होळीपासून दसऱ्यापर्यंत तसंच पडून राहतं. लांबच्या सफरीवर तर हे आणखी वाढतं. दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या नौका जगप्रदक्षिणा करून आल्या त्या शिडांच्या बळावर. तशा सफरीत इंजिन मुख्यतः बॅटऱ्या चार्ज करायला आणि बंदरात शिरायला लागतं. डिझेल महिनोन् महिने टाकीत हिंदकळत राहतं, आणि गरज पडते ती नेमकी अरुंद खाडीच्या तोंडाशी.

पडून राहिलेल्या डिझेलचे तीन शत्रू. पहिला पाणी. पाण्याहून डिझेल हलकं, लिटरमागे साधारण ८३० ग्रॅम, त्यामुळे पाणी तळाशी जाऊन बसतं. दुसरा शत्रू त्या पाण्यामुळेच जगतो: बुरशी आणि जिवाणू. होर्मोकॉनिस रेझिने नावाची बुरशी यात प्रसिद्ध आहे. ती राहते पाण्यात आणि खाते डिझेल, म्हणून तिची वस्ती पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळ पट्ट्यात. तिचा तपकिरी-काळा, चिकट पडदा तयार होतो. फिल्टरच्या कागदावर तो बसला की बोटाला शेंबडासारखा लागतो, आणि पाण्याने नाही तर साबणानेच निघतो. पाणी नसेल तर ही वसाहत उभीच राहत नाही. तिसरा शत्रू डिझेलच्याच पोटातला. डिझेल जुनं होतं तसे त्यातले जड घटक एकमेकांना चिकटून बारीक काळी भुकटी होते. बुरशी नसलेल्या, कोरड्या टाकीतही फिल्टर काळाकुट्ट निघतो तो या भुकटीमुळे. ती बुळबुळीत नसते, एवढ्यावरून फरक ओळखता येतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं आणि त्यातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर उतरलं. हवेसाठी हे उत्तमच झालं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणाही कमी होतो, तो भरून काढायला रिफायनरीतच त्यात ॲडिटिव्ह घालतात. आपल्याला त्यातून लक्षात ठेवायचं ते इतकंच की पंपातले आणि नोझलमधले भाग डिझेलवरच वंगण म्हणून जगतात. पंपाच्या प्लंजरची फट एकदोन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्या फटीत डिझेलऐवजी पाणी गेलं तर धातू धातूवर घासतो, नोझलच्या टोकाशी पाण्याची वाफ होते आणि टोक जातं. बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करता येतं, पण पाणी प्यालेला पंप दुरुस्तीला उतरवावाच लागतो.

पाणी येतं कुठून?

सगळे म्हणतात, टाकीच्या आत हवेतलं बाष्प थंड होऊन. होतं तसंही, म्हणून नौका पावसाळ्यासाठी उभी करताना टाकी भरून ठेवतात. हवा कमी तर दमट हवाही कमी. पण टाकीच्या तळाशी पेलाभर पाणी सापडलं तर ते हवेतून आलेलं असण्यापेक्षा डेकवरून आलेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. डेकवर डिझेल भरायचं जे झाकण असतं, त्याच्या खाली एक काळी ओ-रिंग असते. किंमत किरकोळ. ऊन आणि खारं पाणी खाऊन ती कडक होते, चपटी होते, तिला भेगा पडतात. झाकण बहुधा साइड डेकवर, नेमकं जिथे पाणी साचतं तिथे. जूनमध्ये चार दिवस संततधार लागली की थेंबाथेंबाने पाणी आत उतरतं. झाकण उघडा, रिंग काढून दोन बोटांत वाकवून बघा. भेग दिसली किंवा ती वाकायला नको म्हणाली तर आजच बदला, आणि बदलताना थोडं ग्रीस लावा. दुसरी जागा टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड. ते नौकेच्या बाजूला खालच्या अंगाला असेल, तर नौका वाऱ्याने कलल्यावर ते पाण्याखाली जातं. नळीला वर उंच वळण देऊन मगच ती बाहेर काढलेली असायला हवी.

उरलेलं पाणी आपण स्वतः विकत आणतो. आपल्याकडे शिडाच्या नौकांसाठी धक्क्यावर डिझेल मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरायचे, ते डिंगीतून नौकेवर न्यायचे, आणि हलत्या डेकवर ओतायचे. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर पाणी शिरू शकतं. म्हणून कॅन फक्त डिझेलचे ठेवा. काल ज्यात पिण्याचं पाणी आणलं होतं त्यात आज डिझेल नको. भरलेला कॅन तासभर, जमल्यास रात्रभर, एका जागी न हलवता ठेवा आणि ओतताना तळाचं अर्धा लिटर ओतूच नका. ते पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरा. तळाशी पाण्याचा थर असेल तर तो स्पष्ट रेषेने वेगळा दिसतो. डिझेल दुधाळ, धूसर दिसलं तर पाणी त्यात मिसळलेलं आहे आणि ते बसायला वेळ लागेल. पंपावर टाकीतलं पाणी तपासायला डिपच्या काठीला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. तीच पेस्ट छोट्या ट्यूबमध्ये मिळते. काठीच्या टोकाला लावून ती आपल्या टाकीच्या तळाला टेकवली तर पाणी किती सेंटिमीटर आहे ते मिनिटभरात कळतं. शंका असेल तर पंपावर डेन्सिटी तपासून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे, संकोचायचं कारण नाही.

पाणी अडवणारं नरसाळंही मिळतं. त्याच्या आत टेफ्लॉनसारखा लेप दिलेली बारीक स्टीलची जाळी असते. डिझेल त्यातून जातं, पाणी आणि कचरा खाली खोलगट भागात राहतो. स्वस्तातल्या वस्तूंमध्ये याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. जाळीला बोट किंवा फडकं लावू नका, लेप खराब होतो. आणि पाणी विरघळवतं असं सांगून विकलं जाणारं ॲडिटिव्ह घातलेलं डिझेल यातून ओतून उपयोग नाही, कारण तेव्हा पाण्याचे कण इतके बारीक झालेले असतात की ते जाळीतून निघून जातात. तसली ॲडिटिव्ह मी एकूणच घेऊ नका म्हणेन. पाणी वेगळं बसावं आणि ते काढून टाकता यावं यासाठी आपण सगळा खटाटोप करतो, आणि ही औषधं तेच पाणी डिझेलमध्ये कालवून इंजिनाकडे पाठवतात.

पहिला फिल्टर

इंजिनाआधी दोन फिल्टर हवेत. पहिला टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये, म्हणजे ओढीच्या बाजूला. त्याचं मुख्य काम पाणी वेगळं करणं आणि मोठा कचरा अडवणं. तो पंपाच्या आधीच हवा, कारण पंपातून गेलेलं पाणी घुसळून बारीक होतं आणि मग वेगळं होत नाही. दुसरा फिल्टर इंजिनावरच बसवलेला असतो, तो बारीक कचरा अडवतो.

पहिल्या फिल्टरसाठी जगभर रॅकॉरच्या ५०० मालिकेचा फिल्टर दिसतो. त्यातून तासाला २२७ लिटर जाऊ शकतं. आपल्या इंजिनाला अडीच लिटर लागतं, म्हणजे ही क्षमता भरपूर झाली. त्याहून मोठा फिल्टर लावून फायदा होतो तो कचरा साठवण्याच्या जागेचा. मात्र कॉमन रेल इंजिन असेल तर नुसता जळणारा आकडा बघू नका. अशी इंजिनं जाळतात त्याच्या कितीतरी पट डिझेल ओढतात आणि उरलेलं टाकीत परत पाठवतात. फिल्टरची क्षमता त्या सगळ्या प्रवाहाच्या हिशेबाने धरायची.

कार्ट्रिज तीन रंगांत येतात: तपकिरी २ मायक्रॉनचं, निळं १० मायक्रॉनचं, लाल ३० मायक्रॉनचं. बारीक तितकं चांगलं, असं समजून बरेच जण पहिल्याच फिल्टरमध्ये तपकिरी कार्ट्रिज घालतात. त्यामागचा युक्तिवाद मला माहीत आहे: पहिला फिल्टर बदलायला सोपा, सगळा कचरा तिथेच अडू दे, इंजिनावरच्या फिल्टरला हात लावायची वेळच येऊ नये. टाकी स्वच्छ असेल तर ते चालूनही जातं. पण मळकट टाकीला २ मायक्रॉनचं कार्ट्रिज लावलं तर ते तासाभरात चोक होतं, आणि ते चोक झालं की इंजिनावरचा चांगला फिल्टर असूनही इंजिन बंद. किनाऱ्यालगतच्या सफरींसाठी मी पहिल्याला १० मायक्रॉन सुचवेन. टाकीबद्दल खात्री नसेल, नौका नुकतीच विकत घेतली असेल, तर पहिल्या सफरीला ३० घाला आणि इंजिनावरच्या फिल्टरचे सुटे जोड सोबत ठेवा.

या फिल्टरच्या बाऊलला खालून धातूची वाटी बसवलेली असते, मरिन मॉडेलमध्ये. ती काढून टाकू नका. आगीत नुसता प्लास्टिकचा बाऊल वितळला तर टाकीतलं डिझेल त्यातून आगीवर सांडतं. अमेरिकेतल्या बोट बांधणीच्या मानकांप्रमाणे इंधनाच्या मार्गातला असा भाग अडीच मिनिटं आगीत टिकला पाहिजे. जुन्या बाजारातून घेतलेला, ट्रकला लावायचा साधा फिल्टर स्वस्त पडतो तो या वाटीशिवाय असतो म्हणून. नळीबाबतही तेच: आयएसओ ७८४० प्रमाणित, ए१ दर्जाची, आगीला टिकणारी.

आणखी एक वस्तू मी अगत्याने लावायला सांगेन, ती म्हणजे व्हॅक्यूम गेज. रॅकॉरच्या झाकणावरच्या टी आकाराच्या मुठीच्या जागी ते बसतं. फिल्टर चोक होत जातो तसा पंपाला ओढायला जोर लागतो आणि काटा वर सरकतो. नवं कार्ट्रिज असताना, इंजिन नेहमीच्या वेगाला असताना काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. बहुधा तो शून्याच्या जवळ असतो. पाचसात इंच पाऱ्यापर्यंत पोचला की पुढच्या बंदरात कार्ट्रिज बदला. दहाकडे चालला तर बंदराची वाट बघू नका. गेजमुळे चोक होणारा फिल्टर आधी कळतो. गेज नसेल तर तो जयगडच्या पुढे कळतो.

बाऊलच्या तळाला बूच असतं. ट्रॉलरवरचा अनुभवी इंजिन ड्रायव्हर दिवसाची सुरुवात तिथूनच करतो: बूच किंचित सैल करायचं, खाली डबी धरायची, पाणी आणि काळं संपून स्वच्छ डिझेल आलं की बंद. इंजिन बंद असतानाच हे करा, नाहीतर त्याच बुचातून हवा आत जाईल.

बदलणं आणि एअर काढणं

कार्ट्रिज कधी बदलायचं ते इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं. २५० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हा सर्वसाधारण हिशेब. आपले तास कधीच भरत नाहीत, त्यामुळे वर्षच धरा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, नौका पाण्यात उतरवण्याआधी, हे काम करून टाकावं.

डिझेल टाकीचा वॉल्व्ह आधी बंद करा. फिल्टरखाली पसरट भांडं आणि चिंध्या ठेवा. झाकण उघडून जुनं कार्ट्रिज उचला, घाईने नाही, त्यातून तळाचा कचरा गळू न देता. बाऊलच्या तळाशी काळं साचलं असेल तर बुचातून ते सोडून द्या. नवीन कार्ट्रिजबरोबर नवीन ओ-रिंग येते, तीच लावा. जुनी चांगली दिसते म्हणून परत बसवणं हे एअर घेण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. स्वच्छ डिझेलने बाऊल काठोकाठ भरा, मग झाकण लावा. झाकण हातानेच घट्ट होतं, पाना लावू नका. इंजिनावरच्या स्पिन-ऑन फिल्टरमध्ये मात्र वरून डिझेल ओतू नका. त्याच्या मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं, आणि कॅनमधलं डिझेल आपण कितीही स्वच्छ समजलो तरी ते एका मायक्रॉनच्या फटीला पुरेसं स्वच्छ नसतं. तो रिकामा बसवा आणि फीड पंपाने भरून घ्या.

आता एअर. इंजिनावरच्या फिल्टरवर एक छोटा ब्लीड स्क्रू असतो. तो अर्धा-एक आटा सैल करा आणि फीड पंपाच्या बाजूचा हाताचा लिव्हर वरखाली करा. आधी नुसता फस असा आवाज येतो, मग फेसाळ डिझेल, मग बुडबुडे विरळ होत जातात. स्क्रूभोवती डिझेलचा धागा अखंड, बुडबुड्याविना वाहायला लागला की लिव्हर चालवत चालवतच स्क्रू आवळा. लिव्हर सैल वाटतो, जोरच लागत नाही असं झालं तर पंप बिघडलेला नाही. इंजिनाचा कॅम नेमका पंपावर दाबून थांबलेला आहे. इंजिन अर्धा फेरा फिरवा, लिव्हरला जोर येईल. पुढचा स्क्रू फ्यूएल इंजेक्शन पंपावर, तिथेही हेच. एवढ्यावर बहुतेक इंजिनं सुरू होतात. झालं नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे आणि स्टार्टर मारायचा. नळीतून येणारी धार त्वचा भेदून आत जाऊ शकते, म्हणून हात आणि डोळे दूर ठेवा, चिंधीने झाकून ठेवा.

स्टार्टर मारण्याआधी समुद्राचं पाणी इंजिनाकडे आणणारा सीकॉक बंद करा. यात तडजोड नको. वेट एक्झॉस्टच्या इंजिनात स्टार्टर फिरला की थंडाव्याचं पाणीही ओढलं जातं आणि सायलेन्सरमध्ये जमतं. इंजिन सुरू झालं तर धुराच्या दाबाने ते बाहेर फेकलं जातं. सुरू झालं नाही, आणि आपण पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहिलो, तर ते पाणी उलट चढून सिलेंडरमध्ये जातं. दोनशे रुपयांच्या फिल्टरपायी अख्खं इंजिन उतरवावं लागलेल्या नौका आहेत. सीकॉक बंद केल्यावर त्याची आठवण म्हणून इंजिनाची किल्ली त्याच्याच मुठीला अडकवून ठेवायची पद्धत चांगली आहे. स्टार्टर मारायला किल्ली काढली तरी हात कुठून आला ते लक्षात राहतं. इंजिन पेटताक्षणी सीकॉक उघडा आणि मागून पाणी पडतंय का ते बघा.

फिल्टर नवा, डिझेल स्वच्छ, तरीही इंजिन वीस मिनिटांनी मरतं आणि एअर काढली की पुन्हा चालतं, तर ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. ही गळती फसवी. आत ओढ असल्यामुळे बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. फिल्टरच्या झाकणाची रिंग, बाऊलच्या बुचाचं वायसर, नळीच्या क्लिपा, टाकीवरचा पिकअप नळीचा जोड, या क्रमाने बघा. पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा फिल्टर आणि फीड पंपाच्या मध्ये तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग तोच तुकडा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावायचा. पहिल्या जागी बुडबुडे, दुसऱ्या जागी नाहीत, म्हणजे दोष फिल्टरमध्ये.

टाकीत हात घालणं

कितीतरी नौकांच्या टाकीला हात आत जाईल असं तोंडच नसतं. बांधणाऱ्याने टाकी आधी ठेवली, मग वर केबिनची फळी बसवली. अशा टाकीला कारागिराकडून झाकण पाडून घ्या, निदान १५ सेंटिमीटरचं, आणि आत आडव्या पट्ट्या असतील तर प्रत्येक कप्प्याला एक. रबराचं पॅकिंग नायट्राइलचं हवं; सिलिकॉनचा सीलंट डिझेलमध्ये फुगतो आणि सुटतो. हे झाकण म्हणजे नौकेच्या इंधनव्यवस्थेतली सगळ्यात मोलाची सुधारणा, असं माझं ठाम मत आहे. दुहेरी फिल्टर, अलार्म, गेज हे सगळं त्याच्यानंतर.

झाकण उघडल्यावर सगळं डिझेल उपसून कॅनमध्ये काढा, तळ टॉर्चने बघा, चिंध्यांनी पुसा. ॲल्युमिनियमच्या टाकीत पाण्याखालच्या जागी पांढरट चट्टे आणि खळगे दिसतात, ते बोटाने चाचपा. खोल असेल तर टाकी फार दिवसांची नाही. पिकअप नळी बाहेर काढून बघा. जुन्या टाक्यांत तिच्या टोकाला बारीक जाळी असते. हेतू चांगला, पण ती चोक झाली तर सगळे फिल्टर नवे असूनही इंजिन मरतं आणि कुणाला कारण सापडत नाही. फिल्टर आहेत तर जाळी कशाला? ती काढून टाका. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा फिटिंग दिसलं तर तेही बदला. जस्ताशी डिझेलचं जमत नाही, साबणासारखा चिकट गाळ तयार होतो.

बुरशी सापडली असेल तर बायोबोर किंवा ग्रोटामारसारखं औषध मिळतं. हातमोजे घालून, डब्यावर लिहिलेल्या मापाने. पहिला डोस मोठा, नंतरचे छोटे. पण औषधाने बुरशी मरते, नाहीशी होत नाही, आणि मेलेली बुरशी फिल्टरमध्येच येते. म्हणून औषध टाकून लगेच लांबच्या सफरीला निघू नका, आणि आधी टाकी पुसा.

काही जण डिझेल पॉलिश करतात: १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने टाकीतलं डिझेल वेगळ्या फिल्टरमधून फिरवून पुन्हा टाकीत सोडायचं. उपयोगी आहे, पण हिशेब समजून. गाळलेलं डिझेल परत न गाळलेल्यात मिसळतं. त्यामुळे टाकीएवढं डिझेल एकदा फिरवून झालं तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त डिझेल फिल्टरला शिवलेलंच नसतं. पाच वेळा फिरवलं तर शंभरातलं जेमतेम एक लिटर तसं उरतं. म्हणजे शंभर लिटरची टाकी आणि तासाला शंभर लिटरचा पंप असेल तर निदान पाच तास. आणि तळाला चिकटलेला चिखल यातल्या कशानेच सुटत नाही. तो हातानेच पुसावा लागतो.

समुद्रात असताना

सोबत काय हवं? दोन्ही फिल्टरची निदान तीन-तीन कार्ट्रिज त्यांच्या रिंगांसह, ब्लीड स्क्रूची तांब्याची वायसरं, नळीचे दोनचार क्लिप, त्या मापाचे पाने एका पिशवीत. आणि एक दहा लिटरचा कॅन, गाळून भरलेला, सीलबंद. तो टाकीत ओतायचा नाही. टाकी पूर्ण बिघडली तर तो इंजिनापेक्षा उंच जागी, केबिनच्या पायरीवर वगैरे, घट्ट बांधायचा, त्यात नळी सोडायची आणि तिचं दुसरं टोक फीड पंपाला जोडायचं. उंचीमुळे डिझेल आपोआप उतरतं. इंजिनातून परत येणारी नळीही याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर ते खराब टाकीत जाऊन वाया जाईल. दहा लिटरमध्ये तीनचार तास मिळतात. जयगडच्या पुढून रत्नागिरीला मागे फिरायला किंवा जयगडच्या खाडीत शिरायला तेवढे पुरतात. ही जोडणी घरच्या बंदरात एकदा करून बघा. कुठली नळी कुठे बसते, कुठला पाना लागतो, ते कळेल. समुद्रात, डिझेलच्या वासात, हेलकाव्यात, पहिल्यांदा करायचं हे काम नाही.

इंजिन बंद पडलं तर आधी शीड वर चढवा. किनारा जवळ असेल आणि उथळ पाणी असेल तर नांगर टाका. मग खाली उतरा. मरणाऱ्या इंजिनाशी झटापट करत असताना नौका खडकाकडे वाहत जाणं याहून मूर्खपणा नाही.

उपसलेलं काळं डिझेल आणि बाऊलमधलं पाणी बिल्जमध्ये सोडू नका, समुद्रात तर नाहीच. झाकणाच्या कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर आणा आणि ज्या वर्कशॉपमधून जुनं इंजिन ऑइल उचललं जातं तिथे द्या. त्या कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी काटकसरी खलाशी ते पुन्हा टाकीत ओततो.